अध्यक्षाच्या ओटीवरचा फोन

माझ्या ताईच्या सासरच्या गावात सगळे त्याला अध्यक्ष म्हणत. सोसायटीचा अध्यक्ष, शाळा समितीचा अध्यक्ष, उत्सव कमिटीचाही तोच. त्याच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा त्याला अहो-जाहो करत. मी मात्र इथे त्याला अरे-तुरेच करणार आहे. ती सवय मला एका दिवसात लागली आणि पुढे कधी मोडावीशी वाटली नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी पेणच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक बोर्डावर ऑपरेटर होते. आमचं घर रोह्याजवळ अष्टमीला. सकाळी एसटीनं नागोठण्यावरून पेणला जायचं, कानाला हेडफोन लावायचा, समोरच्या भोकाभोकांच्या बोर्डात कॉर्ड घालायच्या आणि काढायच्या, संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत. माझं लग्न व्हायचं होतं. ताईचं झालेलं होतं, पेण तालुक्यातच, खाडीकडच्या एका गावात. गावाच्या एका अंगाला मिठागरं आणि दुसऱ्या अंगाला बांध घालून खारं पाणी अडवलेली भातशेती. भाऊजी पावसाळ्यात शेती करायचे आणि पुढे मिठावर जायचे. गावात डांबरी रस्ता नव्हता. तो बराच लांब होता, आणि पावसाळ्यात तिथपर्यंत जायचं म्हणजे चिखल तुडवत जायचं.

त्याच सुमाराला सरकारनं ठरवलं की प्रत्येक गावात निदान एक तरी सार्वजनिक फोन पाहिजे. आमच्या ऑफिसात त्याची फार गडबड होती. साहेबांच्या टेबलामागे तालुक्याचा नकाशा टांगलेला असे आणि फोन लागला की त्या गावावर लाल टाचणी टोचत. खाडीकडच्या गावांना तार ओढणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथे रेडिओवरचा फोन बसवायचे. उंच खांब, वर अँटेना, ऊन खाऊन बॅटरी भरणारी काचेची पाटी आणि खाली साधा फोन. त्यावरून पेणला थेट बोलता यायचं. मुंबईला किंवा आणखी लांब बोलायचं तर आमच्याकडे कॉल बुक करावा लागे. मग आम्ही लाइन मिळवून गावात उलट फोन करायचो.

फोन कुठे ठेवायचा याचाही नियम होता. छप्पर पक्कं पाहिजे, दिवसभर घरात माणूस पाहिजे आणि यंत्राची जबाबदारी घेणारं कुणीतरी पाहिजे. ऐकायला नियम वाईट नाही. पण गावात पक्कं छप्पर कुणाचं असतं, कामाला न जाता दिवसभर ओटीवर कोण बसतो आणि जीप आली की साहेबांना चहा कोण पाजतो, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक नसावं. किंवा चांगलं ठाऊक असावं. नकाशावर ताईच्या गावाला लाल टाचणी लागली, आणि फोन गेला अध्यक्षाच्या ओटीवर.

त्यानं फोनला सागवानी पेटी करून घेतली. पेटीला कुलूप, किल्ली कमरेला. गावातल्या माणसानं फोन करायचा म्हणजे आधी अध्यक्षाला कारण सांगायचं. पलीकडच्या वाडीतली कातकरी माणसं आली तर ती अंगणातच उभी राहत. त्यांचा निरोप अध्यक्ष स्वतः फोनवर सांगे, त्याला पटेल तेवढाच. ताई हे मला हसत सांगायची. मीही हसायचे. फोन आला हेच त्या वेळी पुष्कळ वाटत होतं.

त्या दिवशी श्रावण सरत आला होता. सकाळपासून आभाळ भरलेलं, पाऊस मात्र थांबून थांबून. जेवणाच्या सुट्टीआधी ताईच्या गावातून कॉल आला. आवाज अध्यक्षाचा.

"मुंबई पाहिजे. अर्जंट."

मी नंबर घेतला आणि म्हणाले, "मुंबईच्या लाइनी भरलेल्या आहेत. वेळ लागेल."

"लागू दे. मी फोनपाशीच बसलोय. मिळाली की लगेच द्या. तिकिटाचं बोलणं आहे."

निवडणुकीचं तिकीट. पंचायत समितीच्या निवडणुका जवळ आल्या होत्या. ताईच्या गावचा माणूस म्हणून मी जीव तोडून लाइन मिळवली. दोन कॉल मागे ठेवले आणि त्याचा पुढे घेतला. गावात उलट फोन केला तर पहिल्याच घंटीला त्यानं उचलला.

"आवाज कसा येतोय?" मी रिवाजाप्रमाणे विचारलं.

"एकदम साफ येतोय," तो म्हणाला. मी मुंबई जोडून दिली आणि पुढच्या कॉलकडे वळले.

संध्याकाळी निघायच्या वेळेला शिपाई सांगत आला की खाली कुणीतरी तुम्हाला बोलावतंय. भाऊजी होते. गुडघ्यापर्यंत चिखल. सदऱ्यावर रक्त होतं आणि पावसानं ते पसरलं होतं.

"दवाखान्यात चल," ते म्हणाले. "तुझ्या ताईला आणलीय."

ताईला आठवा महिना होता. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले होते. वाटेत भाऊजी तुटक तुटक सांगत होते. दुपारी एकाएकी तिच्या अंगावर जायला लागलं. भाऊजी धावत अध्यक्षाकडे गेले, दवाखान्याची जीप बोलवायला.

"अध्यक्ष ओटीवरच बसले व्हते. म्हनले, फोन बंद हाय. ढगांनी बॅटरी चढत नाय. सकाळपासून बंद हाय."

मग त्यांनी शेजाऱ्याची बैलगाडी जुंपली. चिखलात चाक रुतलं, ते काढलं. डांबरी रस्त्यावर पोचल्यावर एका टेम्पोवाल्यानं घेतलं.

मी विचारलं, "भाऊजी, तुम्ही त्याच्याकडे गेलात तेव्हा किती वाजले होते?"

"ते काय ठाऊक. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीला घरी आलेली. मी उभा व्हतो तवाच ते सारखे पेटीकडं बघत व्हते. मला वाटलं, बंद पडला म्हणून बघत असतील."

आम्ही दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो. तो लाइन मोकळी ठेवत होता. माझ्या कॉलची वाट बघत होता. मी फोन केला तेव्हा पहिल्या घंटीला तो का उचलला गेला, ते मला तिथे कळलं.

मुलगा होता. मेलेलाच जन्मला. ताईला वाचवण्यासाठी डॉक्टरांनी तिची पिशवी काढली. मी बाहेर बाकावर बसले होते तेव्हा एक नर्स सहज म्हणून गेली, "जीप बोलवायची की. आज दिवसभर उभीच होती."

त्या बाकावर मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही. कसं ते ठाऊक नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, सरळ तक्रार करायची. पण ऑपरेटरच्या नोकरीत पहिल्याच दिवशी सही घेतात की बोर्डावर ऐकलेलं बाहेर बोलणार नाही. कुणी कुणाला कधी फोन केला, हेसुद्धा नाही. आमच्या सुपरवायझर बाई नव्या मुलींना सांगायच्या, "कान ऑफिसचे. घरी जाताना इथे ठेवून जायचे." मी तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती, आणि आमचं घर माझ्याच पगारावर चालत होतं.

ताईला बरं वाटल्यावर आम्ही तिला अष्टमीला आणलं. ती बोलत नसे. भिंतीकडे तोंड करून पडायची. दूध आलं की पदरात कापड दाबून धरायची. एका दुपारी आई बाजारात गेली होती तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. त्याचा कॉल, माझी लाइन, साफ आवाज.

ती कुशीवर वळली.

"तूच जोडलास?"

"हो."

"त्याला माहीत हाय, तू माझी भैन हायस ते?"

"नाही. त्याच्यासाठी मी फक्त पेण ऑपरेटर."

"मग नको सांगूस कुणाला. तुझ्या भाऊजींना पण नको. ते कोयता घेऊन जातील आन आत बसतील." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मला त्याला मारायचा नाय गो. त्यानं रोज आठवण काढली पाहिजे."

ताई सासरी परत गेली. मी बोर्डावर बसून माझ्यापुरता सूड सुरू केला. त्याच्या गावातून मुंबईचा कॉल आला की माझ्या बोटांना आपोआप कळायचं. "लाइन बिझी आहे." "तिकडून उचलत नाहीत." "मध्येच तुटली, पुन्हा बुक करा." तो ओटीवर ताटकळायचा. आधी रुबाबात बोलायचा, मग विनवण्या करायचा. "बाई, जरा बघा ना." ते 'बाई, जरा बघा ना' ऐकलं की घास गोड लागायचा. तिकीट त्याला मिळालंच होतं आणि तो निवडूनही आला होता. आता त्याचे कॉल वाढले होते, त्यामुळे मला संधीही पुष्कळ मिळायची.

पण त्यात एक खोट होती. आपल्याला कोण छळतंय आणि कशासाठी, हे त्याला कळत नव्हतं. तो सरकारी फोनला शिव्या घालत होता, मला नाही. शिवाय सुपरवायझर बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"त्या एकाच गावाचे कॉल तुझ्याकडे तुटतात. काय भांडण आहे?"

मी कॉर्ड सारख्या करायला लागले. त्या म्हणाल्या, "बोर्डावर बसून असलं करायचं नाही. त्या लाइनीवर उद्या दुसरं कुणी असलं तर?"

त्यांचं बरोबर होतं. त्या लाइनीवर दुसरी ताई असू शकली असती. मी ते बंद केलं. राग मात्र बंद झाला नाही, तो नुसता रिकामा बसून राहिला.

वर्ष-दीड वर्षानं खाडीकडच्या फोनांना एसटीडी द्यायचं ठरलं. म्हणजे गावातून मुंबईला थेट लावता येणार, ऑपरेटरची गरज नाही. पहिलं गाव निवडलं ते ताईचं, कारण तिथला अध्यक्ष आता पंचायत समितीत होता. मोठा कार्यक्रम ठरला. शाळेपुढच्या पटांगणात मांडव, लाउडस्पीकर, तालुक्याचे पुढारी, आमचे साहेब. अध्यक्षाच्या ओटीवरचा फोन त्या दिवसापुरता वायर लांबवून मांडवात आणणार, पाहुणे त्यावरून मुंबईच्या आधी मानाचा फोन पेणच्या एक्सचेंजला लावणार, रिसीव्हर माइकपाशी धरणार आणि आमच्याकडची ऑपरेटर साऱ्या गावाला शुभेच्छा देणार. साहेबांनी चार वाक्यं लिहून दिली. आवाज चांगला म्हणून ती म्हणायला बाईंनी दुसऱ्या मुलीला निवडलं होतं. मी तिच्याशी ड्यूटी बदलून घेतली. तिला लग्नाला जायचं होतं, ती खूश झाली.

ताईला मी आधी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं अडवलं असतं.

त्या सकाळी मी अष्टमीहून निघाले तेव्हा आईनं विचारलं, "आज नवी साडी का?" मी म्हटलं, कार्यक्रम आहे. एसटीत बसल्यावर भीती वाटायला लागली. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा वाटलं, उतरावं आणि परत जावं. मग मला पदरात दाबून धरलेलं ते कापड आठवलं.

बोर्डावर दिवा लागला. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी कॉर्ड घातली. कानात लाउडस्पीकरची घरघर आणि पाहुण्यांचा आवाज.

"हॅलो पेण, आम्ही गावातून बोलतोय. आवाज येतो का?"

"येतो," मी म्हणाले. "सगळ्यांना नमस्कार. तुमच्या गावचा फोन चांगला चालतो, हे मी पेणची ऑपरेटर म्हणून सांगू शकते. गेल्याच्या गेल्या श्रावणात तुमच्या गावातली एक गरोदर बाई अडली होती. तिचा नवरा जीप बोलवायला फोनापाशी आला. त्याला सांगितलं, फोन सकाळपासून बंद आहे. त्याच दुपारी त्याच फोनवरून अध्यक्ष मुंबईशी तिकिटाचं बोलले. तो कॉल मी जोडून दिला. आवाज एकदम साफ आहे, असं ते स्वतः मला म्हणाले. बाळ मेलं. ती बाई माझी बहीण आहे. आता बाकीच्या शुभेच्छा अध्यक्ष देतील."

बोलून झाल्यावर मी बाईंकडे पाहिलं. त्यांना कॉर्ड ओढायला पुष्कळ वेळ होता. त्या माझ्या मागच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी स्वतः कॉर्ड काढली आणि म्हणाल्या, "जा, पाणी पिऊन ये. आता तुझं लेखी सगळं घ्यावं लागेल मला."

मांडवात काय झालं ते मला भाऊजींनी सांगितलं. पाहुणे रिसीव्हर माइकपाशी धरून तसेच उभे राहिले, कारण अर्ध्यातच त्यांना कळेना की तो खाली ठेवायचा की नाही. माझा आवाज मिठागरापर्यंत गेला असेल. संपल्यावर अध्यक्ष हसला आणि माइक ओढून म्हणाला, "लाइन क्रॉस झाली. दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं मधे आलं."

तेव्हा बायकांच्या बाजूनं ताई उभी राहिली.

"क्रॉस नाय झाली," ती म्हणाली. "ती माझी भैन हाय. तिचा आवाज मी वळखते. तुमी माझ्या मालकाला काय सांगितलं व्हतं, ते सगळ्यांसमोर सांगा."

"अगो, बस खाली. कार्यक्रम चाललाय."

"नाय बसत. सांगा."

तो सांगेना. ताई बसेना. मग तिच्या शेजारची सासू उभी राहिली, मग आणखी बायका, आणि मागच्या बाजूनं वाडीतली माणसं. कुणी ओरडलं नाही. नुसती उभी राहिली. पाहुण्यांनी चहा घेतला नाही. साहेबांची जीप निघाली तरी माणसं उभीच होती. आणि भाऊजी, ज्यांना ही गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा कळली होती, ते मांडवाच्या खांबाशी खाली बसून रडत होते. ताईनं जाऊन त्यांचा हात धरला आणि घरी नेलं. कोयत्यापर्यंत गोष्ट गेली नाही ती तिच्यामुळे.

माझ्यावर चौकशी बसली. निलंबन झालं. आई पुष्कळ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पुढे कामावर घेतलं ते पगारवाढ थांबवून आणि महाडला बदली करून. चौकशीत साहेबांनी विचारलं, "तुम्हाला पश्चात्ताप होतो का? तसं लिहून दिलंत तर प्रकरण हलकं होईल." मी लिहून दिलं नाही. आज कुणी विचारलं तरी देणार नाही.

पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला की फोन अध्यक्षाच्या घरातून हलवा. तोपर्यंत पंचायतीत बायकांच्या राखीव जागा आल्या होत्या आणि बायका सभेला येऊन बोलायला लागल्या होत्या. ऑफिसनं पुन्हा तोच नियम वाचून दाखवला, पक्कं छप्पर, दिवसभर घरात माणूस. बायका म्हणाल्या, हिच्या घरात ठेवा, ही असते दिवसभर. ताई ऑपरेशननंतर मिठावर जात नव्हती, आणि भाऊजींना डोलवीला कंपनीत कंत्राटी काम मिळाल्यावर त्यांनी घरावर नवे पत्रे घातले होते. अध्यक्षाच्या अंगणातला खांब उपटला तो दिवस मी रजा काढून बघायला गेले. माणसांनी दोर लावून तो आडवा केला, खांद्यावर घेतला आणि ताईच्या दारात आणून उभा केला. अध्यक्ष घरात होता. खिडकी लोटलेली होती. मी मुद्दाम तिच्यासमोर उभी राहिले.

ताईनं पेटी केली नाही. फोन ओटीवर उघडा, शेजारी बसायला खाट. आलेला निरोप ती स्वतः जाऊन पोचवायची, वाडीतसुद्धा. आणि अध्यक्षालाही ती कधी अडवत नसे. त्याचा मुलगा परदेशात नोकरीला गेला होता आणि त्याचा फोन ताईच्या ओटीवरच यायचा. ती लगेच माणूस पाठवायची. तो यायचा, टोपी सावरत, कुणाकडे न बघता. मग ती रिसीव्हर त्याच्या हातात द्यायची आणि ओटीवर जी कोण माणसं बसलेली असतील त्यांच्यासमोर, नेहमीच्याच आवाजात म्हणायची, "फोन चालू हाय, अध्यक्ष. बॅटरी चढलेली हाय. बोला."

प्रत्येक वेळी. कितीतरी वर्षं. तिच्या तोंडून एकदाही ते राहिलं नाही. पुढच्या निवडणुकीत तो आपल्याच गावात पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला, तेव्हाही ती हेच म्हणाली.

एकदा मी तिच्याकडे गेले होते. पावसाळा होता आणि फोन खरोखरच बंद पडला होता. आठवडाभर ऊन नव्हतं. अध्यक्ष घाईघाईनं आला. आता थकला होता, काठी होती हातात. बायकोच्या छातीत दुखत होतं आणि त्याला पेणच्या डॉक्टरला विचारायचं होतं.

"फोन बंद हाय," ताई म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं. तो काय मनात आणतोय ते आम्हा दोघींनाही दिसलं. ताईनं रिसीव्हर उचलून त्याच्या कानाला लावला.

"ऐका तुमीच."

तो ऐकत राहिला. त्यात काही नव्हतं. तरी तो बराच वेळ धरून उभा होता. मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायला हवं. मला फार बरं वाटलं. ताईनं मात्र लगेच भाऊजींना हाक मारली आणि सांगितलं, कंपनीतल्या माणसाची मोटारसायकल डांबरी रस्त्याला लावलेली आहे, त्याला घेऊन पेणला जा, डॉक्टरला सांगा. भाऊजी गेले. बाई वाचली. मी ताईला विचारलं, "कशाला केलंस?" ती म्हणाली, "ती मेली असती तर त्याला वाटलं असतं, फिटलं. मला फिटवायचं नाय."

नव्वदचं दशक संपत आलं तसं धोरण पुन्हा बदललं. डांबरी रस्ता गावापर्यंत आला आणि त्याच्या कडेनं केबलही आली. मागेल त्याला घरात फोन. मी तेव्हा रोह्याच्या ऑफिसात आले होते. बोर्ड गेले होते, आम्हा ऑपरेटरांना टेबलावर बसवलं होतं. ताईच्या गावातली नवी कनेक्शनं मंजूर झाल्याचं कानावर आलं आणि पहिलं नाव कुणाचं, ते मी न विचारताच ओळखलं. सगळं ऑफिस पेढे खात होतं. मला सरकारचा राग आला. आम्ही एवढ्या कष्टानं त्याला ज्या ओटीवर आणून उभं केलं होतं, तिथून सरकारनं त्याला अलगद सोडवलं होतं. आता गावोगाव इंटरनेट पोचवल्याच्या जाहिराती दिसतात तेव्हाही मला तो दिवस आठवतो, आणि पहिला प्रश्न मनात येतो की केबल कुणाच्या घरापर्यंत गेली आणि किल्ली कुणाच्या कमरेला आहे.

घरी फोन लागला त्याच दिवशी अध्यक्षानं पहिला फोन केला तो ताईच्या ओटीवर. भाऊजी तिथेच बसले होते, त्यांनी मला सांगितलं. ताईनं उचलला, तर तिकडून तो म्हणाला, "मी बोलतोय. ठेवू नको. मला त्या दिवसाचं तुला सांगायचं हाय. समोर येऊन जमलं नाय."

ताईनं रिसीव्हर ठेवला नाही. तिनं तो हळूच खाटेवर उताणा ठेवला, पदर खोचला आणि टोपली उचलून ती बांधाकडे निघून गेली. खाटेवरून बारीक आवाज येत राहिला. भाऊजींनी तो कानाला लावला नाही, म्हणाले, तो फोन माझा नव्हता. बऱ्याच वेळानं आवाज थांबला.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा ती सुपात मासळी निवडत बसली होती.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मी कुठं व्हते तिथं."